पुरात बुडालेला ईसीएम

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना पोचली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत नदी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्क अशा भागांत पाणी शिरलं ते लवकर हटेना, आणि ज्या मोटारी वेळेत वर काढता आल्या नाहीत त्या जागच्या जागी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्या टोचन लावून गॅरेजांत आल्या. सीटा, मॅट, दारांची अस्तरं उन्हात पडली, इंजिनांतून पाण्यानं पांढुरकं झालेलं ऑइल निघालं. मग मेस्त्रींनी मालकाला ऐकवायचं ते वाक्य आलं: "इंजिनाचं काय नाही ओ, खोलून करून देतो. पण ईसीएम गेलाय म्हणताना खर्च वाढणार बघा."

कोल्हापूरच्या मेस्त्रीच्या तोंडी हे वाक्य जरा विचित्र वाटतं. शिवाजी उद्यमनगरातले लेथ आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या यांत इंजिनाचं जवळजवळ प्रत्येक लोखंडी अंग तयार होतं. उसाला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांच्या काळापासून हे गाव इंजिनं ओतत, कातत आणि दुरुस्त करत आलंय. क्रँक ग्राइंड करणारा, तडकलेला ब्लॉक सांधून देणारा, कंपनीनं कधीच बंद केलेल्या मॉडेलचा बुश मापानं बनवून देणारा माणूस इथं चालत जाण्याच्या अंतरावर भेटतो. ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल: तळहातापेक्षा थोडी मोठी अॅल्युमिनियमची पेटी आणि आत एक सर्किट बोर्ड. चार बोल्ट काढले की ती हातात येते. पण तशीच दुसरी आणून त्याच चार बोल्टांवर बसवली तर गाडी चालू होईलच असं नाही, बहुतेक वेळा होतच नाही. पिस्टनला आपण कुठल्या गाडीत बसलोय याच्याशी देणंघेणं नसतं. या पेटीला असतं. त्यामुळे तिची दुरुस्ती हाताच्या कसबाइतकीच परवानगीची बाब होऊन बसली आहे.

कुणी तिला ईसीयू म्हणतं, कुणी नुसतं 'कॉम्प्युटर'. तिचं काम समजून घ्यायला एक साधा हिशेब पुरतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात, आणि दर १० मिलिसेकंदांनी एका सिलिंडरची पाळी येते. क्रँक एक अंश फिरायला साधारण ५५ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात पिस्टन नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी क्रँकबरोबर फिरणारं एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दात्यांची आखणी असते, पण दाते ५८ च, दोन मुद्दाम गाळलेले. ती खिंड सेन्सरसमोरून गेली की ईसीएम मोजणी नव्यानं सुरू करतो. आत किती हवा आली, पाणी किती तापलंय, ड्रायव्हरनं पेडल किती दाबलंय हे बघून तो आपल्या मेमरीतल्या तक्त्यांत उत्तर शोधतो: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ठिणगी किती अंश आधी पाडायची. या तक्त्यांनाच गॅरेजांत 'मॅप' म्हणतात. कॉमन रेल डिझेलमध्ये तर हजार-दीड हजार बारच्या दाबाखालचा इंजेक्टर झटक्यात उघडायला बारा व्होल्ट पुरत नाहीत. पेटीच्या आतलं सर्किट बॅटरीच्या बारा व्होल्टांचे साठ-सत्तर व्होल्ट करून तो झटका देतं. चालू इंजिनात इंजेक्टरच्या वायरीला हात लावू नये, तो यासाठी.

जुन्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरला किंवा यांत्रिक पंपाच्या डिझेल जीपला असलं काही नव्हतं. जीप पुरातून निघाली की ऑइल बदला, टाकी धुवा, पंपाची हवा काढा, ती धूर सोडत चालू व्हायची. पेटी आली ती धुराच्या नियमांमागून. बॉशनं १९७९ साली 'मोट्रॉनिक'मध्ये इंधन आणि ठिणगी दोन्हींचा कारभार एका डिजिटल पेटीकडे दिला, तो एका बीएमडब्ल्यू गाडीत. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी कार्बोरेटरला घरी बसवायला सुरुवात केली. भारत स्टेज ४ आलं २०१० मध्ये, आधी १३ शहरांत. महाराष्ट्रातली त्यातली तीन म्हणजे मुंबई, पुणे आणि सोलापूर. १ एप्रिल २०१७ ला ते देशभर लागू झालं आणि १ एप्रिल २०२० ला स्टेज ६. प्रत्येक टप्प्याला पेटीकडे आणखी सेन्सर, आणखी जबाबदाऱ्या आल्या. म्हणूनच जुन्या गाडीपेक्षा नवी गाडी पुराला जास्त भिते, असं म्हणायला हरकत नाही.

पाणी पेटीचं नेमकं काय करतं? पेटी तशी बंदिस्त असते, कडेला रबरी सील, कनेक्टरमध्ये प्रत्येक वायरीला वेगळी रबरी टोपी. तरी पाणी शिरतं. समजा इंजिनखोलीतली पेटी ६० अंशांना तापलेली आहे आणि गाडी तुंबलेल्या रस्त्यात शिरली. २५ अंशांच्या पाण्यात पेटी झपाट्यानं थंड होते आणि आतल्या हवेचा दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे सुमारे एक मीटर उंचीच्या पाण्याइतकी ओढ. सील कुठं थकलेलं असेल तर पेटी स्वतःच पाणी आत ओढून घेते. यावर उपाय म्हणून पेटीवर हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी एक बारीक पापुद्र्याची खिडकी ठेवलेली असते. तिच्यावर गाळ बसला की तिचं काम थांबतं. आणि गाडी तळघरात चार दिवस बुडून राहिली तर या युक्तीला फारसा अर्थ राहत नाही. कुठंतरी सोललेल्या वायरीच्या तांब्याच्या तारांमधूनही पाणी झिरपत कनेक्टरपर्यंत पोचतं.

नुसत्या पाण्यानं बोर्ड लगेच मरत नाही. मारते ती बॅटरी. ईसीएमच्या एका पिनेवर चावी काढलेली असतानाही बारा व्होल्ट असतात आणि शेजारीच अर्थची पिन. मधे पुराचं पाणी, म्हणजे गाळ, सांडपाणी आणि क्षार. दोन पिनांमध्ये वीज वाहत राहते आणि एका पिनेचं तांबं विरघळून हिरव्या-पांढऱ्या थराच्या रूपानं भोवती साचतं. पुरातल्या गाडीचा कनेक्टर ओढल्यावर बहुतेक पिना चकचकीत आणि दोन-तीन मात्र खाल्ल्या जाऊन टोकदार झालेल्या दिसतात, त्या नेमक्या कायम पुरवठ्याच्या. पाणी चढायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल ढिलं केलेलं असतं तर अशी पेटी पुष्कळदा वाचली असती. दहा नंबरचा पाना आणि एक मिनिट, इतकंच काम होतं ते.

आता गॅरेजातला सगळ्यात महागडा शब्द, 'ईसीएम गेलाय'. तो फार लवकर उच्चारला जातो असं माझं मत आहे. स्कॅनर लावला, स्कॅनर बोलेना, म्हणजे पेटी मेली, हा निष्कर्ष कितीतरी वेळा चुकीचा असतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. १६ नंबरला बॅटरीचा पुरवठा, ४ आणि ५ ला अर्थ. इथंच वीज नसेल तर फ्यूज गेलाय, पेटीचा काय दोष? मग ६ आणि १४ या पिनांमध्ये, बॅटरी सोडवून, मल्टिमीटरनं रोध मोजायचा. गाडीतल्या पेट्या ज्या दोन वायरींच्या जाळ्यावरून एकमेकींशी बोलतात, त्या जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. दोन्ही शाबूत असले तर मीटर ६० च्या आसपास दाखवतो. १२० दाखवला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ गेला तर वायरी एकमेकींना चिकटल्यात.

तिसरी तपासणी पुराच्या गाडीत सर्वांत जास्त उपयोगी पडते. ईसीएम बऱ्याच सेन्सरांना पाच व्होल्ट एकाच आतल्या स्रोतातून पुरवतो. त्यातला एक सेन्सर गाळानं शॉर्ट झाला की पाचचे शून्य होतात, सगळेच सेन्सर आंधळे होतात आणि स्कॅनरवर दोषांची माळ लागते. काही गाड्यांत तर पेटीच गप्प होते. मुरलेला वायरमन अशा वेळी एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जातो आणि मीटरवर नजर ठेवतो. कुठला तरी कनेक्टर निघतो आणि काटा पाचवर उडी मारतो. काही शे-हजारांच्या सेन्सरसाठी कित्येक पटींनी महाग पेटी बदलली जाणार होती, ती वाचली. ज्या गॅरेजात पेटी मेल्याचं सांगण्याआधी पुरवठा, अर्थ आणि पाच व्होल्ट मोजून दाखवतात, तिथंच गाडी टाकावी.

पेटी खरंच गेली असेल तर पहिला मार्ग कंपनीचा. नवी पेटी मागवताना तिच्या स्टिकरवरचा हार्डवेअर क्रमांक जुळावा लागतो. मॉडेल तेच, वर्ष तेच, तरी एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीची पेटी वेगळी असू शकते. बऱ्याच कंपन्यांची नवी पेटी कोरी येते. अधिकृत वर्कशॉपचं यंत्र कंपनीच्या सर्व्हरला जोडलं जातं, गाडीचा १७ अक्षरी चासी क्रमांक दिला जातो आणि त्या गाडीसाठीचं सॉफ्टवेअर खाली उतरतं. ते पेटीत भरताना गाडीच्या बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा लावून ठेवतात, कारण लिहिणं चालू असताना व्होल्टेज कोसळलं तर पेटी अर्धवट भरलेली राहते. पेटीच्या मेमरीत सुरुवातीचा एक छोटा भाग राखीव असतो. तो शाबूत असेल तर पुन्हा लिहिता येतं, तोही पुसला गेला असेल तर पेटी उघडून थेट बोर्डाला वायरी जोडाव्या लागतात.

सॉफ्टवेअर भरलं म्हणजे काम संपलं असं नाही. डिझेल गाडीत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो. नाशिकच्या बॉशच्या कारखान्यातून एकाच दिवशी, एकाच यंत्रावर निघालेले दोन इंजेक्टरसुद्धा अगदी सारखे नसतात. एक केसभर जास्त डिझेल सोडतो, एक कमी. कारखान्यात हा फरक मोजून कोडमध्ये लिहिला जातो आणि ईसीएम त्यानुसार उघडण्याचा वेळ कमी-जास्त करतो. नव्या पेटीत चारही कोड, सिलिंडरच्या क्रमानं, भरायचे. विसरलं तर गाडी चालते, पण थरथरते आणि धूर सोडते, आणि मग मालक 'नवीन पेटी टाकली तरी गाडी पहिल्यासारखी नाही' म्हणत फिरतो. थ्रॉटलला बंद आणि पूर्ण उघडं यांतलं अंतर पुन्हा शिकवायचं, काजळी पकडणाऱ्या फिल्टरमध्ये किती काजळी साचली आहे तो आकडा जुन्या पेटीतून नव्या पेटीत न्यायचा. हे न करता गाडी हातात दिली तर नवी पेटी जुना फिल्टर रिकामा समजून चालते.

सगळ्यांत मोठी अडचण चावीची. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये बॅटरी नसलेली एक बारीक चिप असते. स्विचभोवतालच्या वेटोळ्यातून तिला हवेतूनच वीज मिळते. गाडी तिला एक आकडा विचारते, चिप गुप्त सूत्रानं उत्तर देते, उत्तर बरोबर असेल तरच ईसीएम इंजेक्टर उघडतो. चोर जुन्या पद्धतीनं वायरी जोडून गाडी नेऊ शकत नाही तो यामुळे, आणि तुमचा विश्वासू मेस्त्री दुसरी पेटी लावून गाडी चालू करू शकत नाही तोही यामुळेच. इथं चोर आणि मेस्त्री यांत पेटीला फरक कळत नाही.

म्हणून दुसरा मार्ग निघाला, क्लोनिंगचा. अपघातात मोडलेल्या तशाच गाडीची पेटी भंगारवाल्याकडून आणायची, तिचं झाकण गरम हवेनं सोडवायचं आणि बुडालेल्या पेटीतली मेमरी वाचून तिच्यात उतरवायची. बोर्ड गंजला असला तरी मेमरीची चिप पुष्कळदा जिवंत असते. चावीची ओळख बऱ्याच पेट्यांत आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये असते, साळीच्या दाण्यापेक्षा लहान. अशा एका नेहमी सापडणाऱ्या चिपची क्षमता दोन किलोबाइट. देवनागरीत तेवढ्या जागेत या प्रकरणाचा एखादा मध्यम परिच्छेद मावेल. चिमट्यानं ते आठ पाय पकडायचे, वाचक यंत्र लॅपटॉपला लावायचं, दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का बघायचं, आणि मगच पुढचं पाऊल. हे दोनदा वाचणं कंटाळवाणं असतं, पण गंजलेल्या पायावरून एक आकडा चुकीचा आला तर चावी ओळखली जात नाही. यात मेमरीबरोबर इंजेक्टरचे कोडही आपोआप येतात. काम स्वस्त पडतं आणि नीट केलं तर टिकतंही. पण हीच यंत्रं चोरीच्या गाडीला नवी ओळख द्यायलाही चालतात, म्हणून असं काम करणारा प्रामाणिक कारागीर आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय पेटी हातात घेत नाही.

परवानगीचा हा प्रश्न कोर्टकचेरीतही गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं-सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजांना न देऊन कंपन्या स्पर्धा मारतात, हा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांचं म्हणणं, सुरक्षेचं काय? निकालाला आव्हान मिळालं आणि प्रकरण वरच्या पायऱ्या चढत राहिलं. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं, त्यात मोटारीही आहेत. उद्यमनगरच्या गॅरेजात बसून बघितलं तर एवढ्यानं फारसं काही हललेलं नाही. तिथं आजही एकतर कंपनीच्या वर्कशॉपचा दर मोजावा लागतो किंवा कुठून तरी मिळवलेलं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. सुरक्षेची काळजी खरी आहे. पण चावी कुणाला द्यायची हे ठरवणाराच दुरुस्तीचं बिलही लावत असेल, तर त्याच्या काळजीवर डोळे मिटून विश्वास ठेवणं मला जड जातं.

त्यातही पेटीतलं सॉफ्टवेअर कुलूपबंद असणं म्हणजे ते प्रामाणिक असणं नव्हे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या पेटीत प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारा प्रोग्रॅम सापडला. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेनं गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या, आकडे प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी जुळेनात. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीनं फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडीच्या मिळून ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलून देण्याचं जाहीर केलं. रीप्रोग्रॅमिंगचं इतकं मोठं काम आपल्याकडे क्वचितच निघालं असेल. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड सुनावला. तेही प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

छोट्या प्रमाणावर हेच उलट्या दिशेनं चालतं. 'मॅपिंग करून देतो, गाडी उडंल' म्हणणारे हाकेच्या अंतरावर असतात. इंधन वाढवतात, टर्बोचा दाब वाढवतात, टॉर्कची मर्यादा वर नेतात. गाडी खरंच उडते. क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो मात्र जुन्याच हिशेबानं बनवलेले असतात. धुराचा फिल्टर काढून पेटीला तो असल्याचं भासवणं हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार, कारण त्याची किंमत मागून येणारा दुचाकीवाला मोजतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. शिवाय नव्या गाड्यांतल्या पेट्या कंपनीची डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर स्वीकारतच नाहीत, त्यामुळे हा धंदा जुन्या गाड्यांकडे सरकत चालला आहे.

विम्याचं गणित थोडक्यात. पुराचं नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं. दुरुस्तीचा खर्च विम्यात जाहीर केलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. पण पाण्यातून निघालेल्या गाडीला कुणी चावी मारली, सिलिंडरमध्ये पाणी दबून कनेक्टिंग रॉड वाकला, तर इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसल्यास कंपनी हात वर करते. टोटल लॉस झालेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही चकाचक होऊन लांबच्या जिल्ह्यांत विकायला उभ्या राहतात. अशी गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ असते. स्कॅनरवर पेटीतला चासी क्रमांक आरसीशी ताडून बघा. जुळला नाही तर पेटी दुसऱ्या गाडीची आहे. जुळला तरी निश्चिंत होऊ नका, क्लोन केलेल्या पेटीत तो जुळतोच. त्या वेळी पेटीच्या स्टिकरवरचा क्रमांक आणि स्कॅनरनं वाचलेला क्रमांक एकच आहेत का, आणि झाकणाच्या कडेला नवं सिलिकॉन दिसतं का, ते बघा.

आणि पाणी चढायला लागलं, गाडी हलवणं शक्य नाही असं दिसलं, तर आधी बॅटरी सोडवा. हात पोचत असेल तर ईसीएमच काढून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा; बऱ्याच गाड्यांत हे काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. गाडी कोरडी आहे तोवरच पेटीच्या स्टिकरचा, इंजेक्टरांवरच्या कोडचा आणि चावीबरोबर मिळालेल्या पत्र्याच्या टॅगवरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, आणि तो फोटो गाडीच्या कागदपत्रांबरोबर ग्लोव्ह बॉक्समध्ये नाही, घरी ठेवा.